पहिल्या खुर्चीसाठी चार शब्द

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जन्मभर दुसऱ्यांच्या माणसांना निरोप देत आले. शहरातल्या अंत्यविधीच्या हॉलचे ते व्यवस्थापक होते. खुर्च्या लावून घेणं, फुलं वेळेवर आली का बघणं, माईक तपासणं ही त्यांची पगारातली कामं. बोलणं हे पगाराबाहेरचं. ज्या घरात बोलायला कुणी नसे, किंवा बोलायला उभं राहिलेलं माणूस पहिल्याच वाक्याला हुंदके देऊ लागे, तिथे भाऊजी हळूच पुढे होत आणि म्हणत, "मी चार शब्द बोलतो." लोकांनी त्यांचं नावच चारशब्दे पाडलं. नव्या माणसाला ते आडनाव वाटे. एकदा बँकेतल्या मुलीने त्यांना "या, चारशब्दे साहेब" म्हणून बसवलं, आणि भाऊजी मुकाट्याने बसले. कुणाला खोटं पाडणं त्यांना कधी जमलं नाही.

घरी त्यांचे चार शब्द कधीच चारावर थांबत नसत. ताईने जेवताना मीठ मागितलं तरी मिठाआधी प्रस्तावना येई. हॉलमध्ये मात्र ते मोजकं बोलत आणि चांगलं बोलत, हे मी त्यांची मेहुणी असूनही मान्य करते. त्यांची एक पद्धत होती. विधी सुरू व्हायच्या आधी ते घरातल्या एखाद्याला कोपऱ्यात घेऊन बसत आणि गेलेल्या माणसाबद्दल बारीकसारीक विचारत. चहात साखर किती लागायची? घरात आले की बूट कुठे काढायचे? तुम्हाला त्यांचा कशाचा वैताग यायचा? पदव्या, मानसन्मान, दानधर्म यातलं ते काही विचारत नसत. "मोठेपणा सगळ्यांचा सारखाच असतो गं, वैताग तेवढा ज्याचा त्याचा," असं त्यांचं म्हणणं. मग उभे राहून ते त्या बुटांवर आणि त्या साखरेवर असं काही बोलत की लोक रडता रडता हसायला लागत.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना काही शब्द वर्ज्य होते. मेला, मृत्यू, प्रेत हे ते कधी तोंडात आणत नसत. माणूस 'गेला', 'विसावला', आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला असला तर 'सुटला'. ही सवय घरातही लागलेली. ताईने चपलेने झुरळ मारलं तर हे खुर्चीतूनच विचारत, "गेलं का बिचारं?"

माझ्या नवऱ्यासाठीही तेच बोलले. आमचं चष्म्याचं दुकान होतं. तो आत बसून काचा घासायचा, मी बाहेर लोकांचे नंबर तपासायची. त्याच्या आजाराने भरपूर वेळ घेतला आणि शेवटी शेवटी फार त्रास दिला. हॉलमध्ये पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची सगळ्यांत जवळच्या माणसाची असते, तिथे मी बसले होते. लोक एकेक करून बोलले, बसले. मग भाऊजी उभे राहिले. म्हणाले, "ते आपल्याला सोडून गेले असं ज्यांना वाटतंय त्यांना मी सांगतो, ते सुटले. जिथे दुखत नाही तिथे पोचले. आणि तिथून ते आपल्याकडे बघतायत, चष्म्याशिवाय." हॉलभर हसू पसरलं. मीही हसले. मग मी उठले, बाहेर आले, घरी गेले, आणि दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं. मी काही भाविक बाई नाही. पण ते वाक्य मी ठेवून घेतलं होतं, आणि रात्री अंथरूण घालताना ते माझ्या उपयोगी पडायचं.

नात्यातल्या कुणीतरी ते बोलणं मोबाइलवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. ते एवढं पसरेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ओळखीपाळखी नसलेली माणसं खाली लिहायची, आई गेल्यापासून हे ऐकतो, बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांनी मिळून ऐकलं, तुमचे पाय कुठे आहेत. भाऊजी ते मला वाचून दाखवायला लावायचे आणि मग म्हणायचे, "पुरे, पुरे," पण मी थांबले की पुढचं काय आहे ते विचारायचे.

ते निवृत्त झाले तेव्हा ताईला धसका बसला. ती घरी मुलींना शिवण शिकवते. मला म्हणाली, "यांना काहीतरी काम बघ बाई. नाहीतर हा माणूस घरात बसून फ्रीजमधल्या भाजीलाही निरोप देईल."

काम आपसूकच आलं. आमच्याकडच्या विद्यापीठात एकाच वर्षात दोन मुलांनी जीव दिला होता. मग विद्यापीठाला जाग आली. समुपदेशक वाढवले, आणि त्यांच्या जोडीला एक ऑनलाइन सोय केली. मुलांनी आपल्या खोलीतूनच वेळ ठरवायची आणि कुणातरी आध्यात्मिक माणसाशी बोलायचं. वेगवेगळ्या धर्मांची माणसं घेतली होती, एक ध्यान शिकवणारे गृहस्थ होते, आणि एक बाई कशावरच श्रद्धा नसलेल्या होत्या. सगळ्यांत जास्त गर्दी त्यांच्याकडे. भाऊजींच्या नावापुढे 'दुःख आणि निरोप' असं लिहिलं. ते बोलणं ऐकूनच त्यांना बोलावलं होतं.

हे सगळं चालवणाऱ्या समुपदेशक बाई वयाने आमची मुलगी शोभावी अशा, केस बारीक कापलेल्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. भाऊजी त्यांना बिचकायचे. बाईंनी सगळ्यांना आधी शिकवलं. उपदेश करायचा नाही. समोरचा जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं, म्हणजे आपलं ऐकलं जातंय हे त्याला कळतं. कुणालाही सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही. आणि शंका आली की थेट विचारायचं, जीव द्यायचा विचार मनात आहे का.

या शेवटच्या नियमावर भाऊजी घरी येऊन कुरकुरले.

"असं तोंडावर विचारायचं? पोराच्या डोक्यात नसेल तर आपणच घालायचं?"

"मग बाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणे विचारल्याने विचार येत नाही. आलेला असेल तर त्याला बाहेर पडायला वाट मिळते."

"बरोबर आहे की."

"अगं पण आडून विचारता येतं ना. मी तेही म्हटलं. तर म्हणाल्या, आडून विचारलं की उत्तरही आडूनच येतं."

भाऊजींना ते पटलं नव्हतं, पण बाईंना खोटं पाडणार कोण?

ताईच्या घरी दिवसभर शिवणयंत्रं चालतात, म्हणून भाऊजी वरच्या मजल्यावर माझ्याकडे येऊन बसू लागले. माझी बाहेरची खोली रिकामीच असते. तिथे नवऱ्याचं काचा घासायचं टेबल आहे, त्यावर त्यांचा कॉम्प्युटर ठेवला. दुपारी ते कानाला हेडफोन लावून बसत आणि मी आतल्या खोलीत. मधलं दार फुगलंय, ते पूर्ण लागत नाही. ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण ठरवणं वेगळं आणि कान वेगळे. शिवाय बाईंनी शिकवल्याप्रमाणे भाऊजी पलीकडचं प्रत्येक वाक्य परत म्हणत, त्यामुळे अर्ध्या संभाषणात पूर्ण संभाषण ऐकू यायचं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते हादरले आणि त्यांनी दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. माईक बिघडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज टॉवेलला काय जुमानतो? पुढचं मी लिहितेय ते ज्या मुलीचं आहे, तिने नंतर भाऊजींकडून परवानगी कळवली आहे. तिची ओळख पटेल असं यात काही नाही.

पहिले काही आठवडे साधे गेले. कुणाची परीक्षा, कुणाचं प्रेम, एकाचं मांजर. मांजराला भाऊजींनी तासभर दिला. मग ही मुलगी आली. कॅमेरा बंद, नाव नाही, नुसता आवाज. तुमचं ते बोलणं मी रोज ऐकते, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. भाऊजी बाहेर आले ते फुलून.

"रोज ऐकते म्हणे. फार शांत वाटतं म्हणे."

ती पुन्हा पुन्हा यायला लागली. आधी रडायची, मग रडेनाशी झाली. भाऊजींच्या धंद्यात माणूस रडायचं थांबलं म्हणजे काम फत्ते. ते खुशीत होते. मलाही बरं वाटायचं. आपल्या नवऱ्यावरचे शब्द कुणा पोरीला धीर देतायत याचं मला अप्रूप होतं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी तिची वेळ व्हायच्या आधी आम्ही तिघं माझ्याकडे चहा घेत होतो. ताई सुईत दोरा ओवायच्या खटपटीत होती. भाऊजी सांगत होते की आता ती इतकी शांत झालीय, मागच्या खेपेला तर आभार मानायला लागली, तुमच्यामुळे सगळं सोपं वाटायला लागलं म्हणाली.

ताई सुईकडेच बघत म्हणाली, "तिचं कोण गेलंय?"

"म्हणजे?"

"अहो, निरोपाचं बोलणं रोज ऐकते म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं असणार ना. आई गेली की वडील?"

त्यांना माहीत नव्हतं. मेलेल्या परक्या माणसाच्या चहातली साखर विचारणाऱ्या या गृहस्थाने तिला हे एक विचारलं नव्हतं. का नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना समजलं. जन्मभर त्यांच्यासमोर खुर्च्यांवर बसलेलं प्रत्येक माणूस मागे राहिलेलं होतं. समोर बसून ऐकणारं माणूस स्वतःच निघालेलं असू शकतं, हे त्यांच्या हॉलमध्ये कधी घडलंच नव्हतं. ही मुलगीही मागे राहिलेली आहे असं त्यांनी गृहीत धरलं होतं आणि 'ते सुटले, जिथे दुखत नाही तिथे पोचले' हे तिला वेळोवेळी आणखी समजावून सांगितलं होतं.

"सोपं वाटायला लागलं म्हणाली?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. बशी सापडली नाही, तो टेबलावरच ठेवला आणि बाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. वेळ ठरवताना मुलांनी भरलेली माहिती फक्त बाईंना दिसायची; मुलगी हॉस्टेलच्या कुठल्या खोलीत राहते ते त्यांनी तिथून काढलं आणि म्हणाल्या, मी वॉर्डनबाईंना घेऊन निघते. ती आली की थेट विचारा. तिला बोलत ठेवा. आणि हा फोन बंद करू नका, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.

तो माझ्या हातात आला. ताई खाली गेली, तिच्या विद्यार्थिनी आल्या होत्या. मी मधलं दार उघडून तिथेच उभी राहिले. या वेळी टॉवेल नव्हता.

ती आली. भाऊजींनी नमस्कार केला, बाळा म्हणाले आणि मग म्हणाले, "आज आधी मी एक विचारतो. तुझं कोण गेलंय?"

त्यांनी हेडफोन कानावर दाबून धरला.

"कोणी नाही," भाऊजी परत म्हणाले. "तुझं कोणी गेलेलं नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "म्हणजे तू... तुला..." मला वाटलं, आता 'निघायचंय का' म्हणतील. 'विसावायचंय का' म्हणतील. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या.

"तू मरायचा विचार करतेयस का?" भाऊजी म्हणाले. "जीव द्यायचा?"

तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. नवशिक्याने उच्चारावा तसा तो आला, जरा जास्तच मोठ्याने.

"हो म्हणालीस."

मी फोनमध्ये म्हटलं, "हो म्हणाली." बाई म्हणाल्या, "बोलत ठेवा. आम्ही रस्त्यात आहोत."

"सांगितलंस ते फार बरं केलंस," भाऊजी म्हणाले. "मी इथेच आहे, कुठे जात नाही. आत्ता खोलीत कोण आहे? कोणी नाही. बरं. मला काहीतरी विचारायचंय म्हणतेस. विचार की."

तिने काय विचारलं ते कळायला मला थांबावं लागलं, कारण भाऊजींनी ते लगेच परत म्हटलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी नियम पाळला.

"मी तुझ्यासाठी चार शब्द बोलेन का, असं विचारतेयस."

आणि म्हणाले, "नाही. नाही बोलणार."

या माणसाने चार शब्दांना नाही म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ज्यांनी हॉलचं सामान पळवलं त्यांच्यावरही ते बोलले होते.

"का म्हणतेस. सांगतो. ते बोलणं तुझ्यासाठी नव्हतंच बाळा. तिथे पहिल्या खुर्चीत एक बाई बसली होती. सगळं आटोपलं होतं, लोक उठायला लागले होते, आणि तिला उठताच येत नव्हतं. गुडघेच हलत नव्हते तिचे. तिने उठावं, घरी जावं, एवढ्यासाठी मी ते बोललो. गेलेला माणूस सुटतो की नाही मला काय माहीत? मी कधी बघायला गेलोय? मी फक्त खुर्च्यांवर बसलेली माणसं बघितलीत, जन्मभर तीच बघितलीत. त्यातलं एकही सुटलेलं नव्हतं."

फोनमधून बाई विचारत होत्या, "काय झालं? बोलतायत ना?" मी म्हटलं, "बोलतायत."

मला राग आला होता. समोर एका पोरीच्या जिवाचा प्रश्न होता, आणि मला राग आला होता तो माझं वाक्य गेल्याचा. मी ज्याच्यावर डोकं टेकून झोपत होते ते वाक्य माझे गुडघे हलावेत म्हणून जागच्या जागी बनवलेलं होतं. फोन टाकून द्यावा आणि आत जाऊन दार लावून घ्यावं असं वाटलं. दार लागत नाही. मी उभी राहिले.

"खोटारडा म्हणालीस," भाऊजी म्हणत होते. "आहे. म्हण अजून. तुझं चुकलं नाही, माझं चुकलं. तू ऐकत होतीस आणि मी विचारलंच नाही की तू कुठल्या बाजूला बसलीयस."

मग ते जरा पुढे सरकले, कोपऱ्यात कुणाला घेऊन बसायचे तसे.

"हे बघ, चार शब्द बोलायला मला माहिती लागते. ती मी घरच्यांना विचारतो. तुझी मात्र मला तुलाच विचारायची आहे. चहात साखर किती घालतेस? चहा पीतच नाहीस. कॉफी. काळी? कडू लागत नाही? लागते म्हणतेस. मग पितेस कशाला? बरं, राहू दे. वैताग कशाचा येतो तुला? खोलीतल्या मैत्रिणीचा. का? ती पेन्सिली चावते. तुझ्या? तुझ्या पेन्सिली ती चावते? हे भलतंच आहे."

ते हसले नाहीत. त्यांना खरोखरच ते भलतंच वाटलं होतं.

"आज सकाळपासून काय केलंस? झोपली होतीस. मग कपडे भिजवलेस. अजून बादलीतच आहेत." ते थांबले. "भिजवलेस कशाला?"

या प्रश्नात काही चतुराई नव्हती, हे मी शपथेवर सांगते. साखरेसारखाच तोही एक प्रश्न होता. पण पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

"माहीत नाही म्हणतेस. चालेल. नाही माहीत तर नाही. आता असं कर, ते पिळून घे. भिजत ठेवले तर वास येईल त्यांना. मोबाइल तिथेच ठेव, मला पाण्याचा आवाज येऊ दे. मी आहे."

भाऊजी डोळे मिटून बसले. मी फोनमध्ये सांगितलं, "कपडे पिळतेय." बाई म्हणाल्या, "छान. आम्ही जिन्यात आहोत."

"पिळलेस? दोरीवर टाक," भाऊजी म्हणाले, आणि मग लगेच, "हो, दार वाजतंय तुझं. मीच बोलावलंय त्यांना. हो, तुला न विचारता. रागव माझ्यावर. उद्या ये आणि आणखी रागव, मी बसून ऐकतो. पण आत्ता दार उघड. हात ओले असू देत, तसंच उघड."

खोलीत माझ्या भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. भाऊजींच्या मानेवरून घाम चालला होता.

"उघडलंस," ते म्हणाले.

माझ्या हातातल्या फोनमधूनही बाईंचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, तिच्याशी बोलत असलेला. मग फोन बंद झाला. भाऊजींनी हेडफोन काढले आणि नवऱ्याच्या टेबलावर डोकं टेकलं. मी त्यांना पाणी दिलं आणि आत निघून गेले.

मुलीला डॉक्टरांकडे नेलं, मग आईवडील येऊन घेऊन गेले. तिला असं का वाटत होतं ते मला माहीत नाही. भाऊजींनी सांगितलं नाही. बाईंना मी एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या की एकच कारण फक्त वर्तमानपत्रात असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी वर आले. मी चहा टाकला नाही. त्यांना ते कळलं.

"ते काढून टाकायचंय," ते म्हणाले. "इंटरनेटवरचं."

"तुमचं बोलणं, तुम्ही काढा."

"बोलणं माझं असलं तरी माणूस तुझा होता."

मी विचारलं, "म्हणजे सुटले नाहीत का ते?"

त्यांनी बोलायला सुरुवात केली, प्रस्तावनाच होती, मला ओळखू येते. मग मधेच थांबले. "मला माहीत नाही," म्हणाले.

"आणि चष्म्याशिवाय बघतायत ते?"

"ते तू हसावंस म्हणून."

"हसले होते मी."

"हसली होतीस."

मग मीच कॉम्प्युटर चालू केला, कारण कुठलं बटण कुठे असतं ते त्यांना कधीच सापडत नाही. बटण दाबल्यावर 'नक्की काढायचं का?' असं त्याने विचारलं. यंत्राला थेट विचारायला काही वाटत नाही. मी 'हो' वर दाबलं. आत गेले आणि रडले, अगदी मनसोक्त, त्या दिवशी हॉलमध्ये रडायचं राहिलं होतं तेवढं. त्यानंतरही आणखी एक दिवस मी भाऊजींना चहा दिला नाही.

पुढे त्यांनी नवीन बोलणं टिपून घेतलं. त्यात सुरुवातीलाच सांगितलंय की हे मागे राहिलेल्यांसाठी आहे, आणि ज्याला स्वतःलाच जगू नये असं वाटतंय त्याने हे ऐकत न बसता आधी कुणाशी तरी बोलावं, आत्ता लगेच. हे जुन्याइतकं पसरलं नाही. सुटण्याबद्दल त्यात काही नाही ना. काही लोकांनी रागावून विचारलं की जुनं कुठे गेलं, आमच्या आईला ते लागतं. भाऊजी एकेकाला उत्तर देतात. मुलांशी बोलणं त्यांनी सोडलं नाही, बाईंनी सोडू दिलं नाही. आता कुणीही नवीन आलं की ते तो प्रश्न विचारतात, आडून नाही. पण झुरळ मात्र अजून 'जातं'.

काही आठवड्यांनी ती मुलगी परत आली. फटीत टॉवेल होता. मी आत नवऱ्याच्या जुन्या काचा पुसत बसले होते, आणि बाहेरून भाऊजींचं ऐकू येत होतं, "औषधाने झोप फार येते म्हणतेस... पेन्सिलीची नवी पेटी घेतलीस. लपवून ठेवलीस. उत्तम." मग टॉवेल सरकला आणि दारात भाऊजी उभे. हेडफोन गळ्यात आणि तळहाताने माईक झाकलेला.

"ती एक विचारतेय," ते हळू आवाजात म्हणाले. "तू आहेस हे तिला माहीत नाही. विचारतेय, पहिल्या खुर्चीतली ती बाई शेवटी उठली का."

"तुम्हाला माहीत आहे की."

"तेवढंच नाही. विचारतेय, आपल्याला खोटं सांगितलं होतं हे तिला नंतर कधी कळलं का. आणि कळल्यावर तिने काय केलं."

मी हातातली काच खाली ठेवली. भाऊजी वाट बघत होते. पलीकडे तीही बघत असणार.

"सांगा, कळलं," मी म्हटलं. "फार राग आला. दोन दिवस तुम्हाला चहा दिला नाही."

"आणि?"

"आणि काय? उठलेलीच आहे ती. एकदा उठली ती उठली."

ते आत गेले. मी टॉवेल परत लावला नाही. त्यांनी तिला शब्दाला शब्द सांगितलं, चहासकट, प्रस्तावना न जोडता. मग बराच वेळ ते ऐकत होते.

"मग मीही उठते म्हणतेस," ते म्हणाले. "तास आहे, उशीर झालाय. बरं. येते म्हणतेस. ये बाळा, ये."